सैल तार

कारागंदा, १९ मार्च २०१९

रुडी,

तुझा पत्ता लेना आत्याकडून मिळवला. परदेशी गेल्यापासून तू चार घरं बदललीस म्हणते. हा पत्ताही जुना असला तर पत्र परत येईल, तेवढंच.

कुआनिश गेला. सात तारखेला. पाळी संपवून कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसला, एक बूट काढला, दुसरा काढलाच नाही. हृदय, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी महिला दिन होता, म्हणून त्याने माझ्यासाठी मिमोझाची फुलं आणून कपाटात ठेवली होती. कारखान्यातली माणसं त्याचे कपडे घेऊन आली, त्यांच्याबरोबर ती फुलंही आली. कुणाच्या हातात द्यायची ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती अपाच्या, त्याच्या आईच्या, हातात दिली. अपाने ती पदराआड धरावीत तशी शालीआड धरली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

पुरुष त्याला घेऊन गेले. आम्ही बायका घरात बसलो, रीतीप्रमाणे. तिसऱ्या दिवशी मी एकटी बसने जाऊन आले. जमीन अजून गोठलेली आहे. कशी खणली असेल कोण जाणे.

बहिरीने फोन कसा करायचा, आणि माझ्या वतीने दुसऱ्या कुणी तुला सांगावं असं मला वाटलं नाही. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू वाचलंस हे दिसलं असतं, आणि मग उत्तर नाही हेही दिसत राहिलं असतं. पत्राचं तसं नसतं.

काही पाठवू नकोस. कळावं म्हणून लिहिलं.

एर्ना


कारागंदा, २० एप्रिल २०१९

रुडी,

तुझं कार्ड मिळालं. काळी किनार, छापलेल्या दोन ओळी, खाली सही. आईच्या वेळी मीसुद्धा तुला एवढंच पाठवलं होतं, तेव्हा तक्रार नाही. मला तेव्हा व्हिसा मिळाला नाही हे तुला कळवलंच होतं.

सोमवारी चाळिसावा झाला. तीस माणसांचा स्वयंपाक होता. अपा आणि मी पहाटेपासून पुऱ्या तळत होतो. दुपारी बाराला जिन्यात माणसं उभी राहायला लागली. सगळी काळ्या कपड्यांत, लांब केसांची, काहींचे केस गळून टक्कल पडलेलं, पण छातीवर तेच नाव, ‘तेमिर झेल’. तुमच्या बँडचं नाव मी तेवीस वर्षांनी एवढ्या छात्यांवर एकदम बघितलं. अपाने दार उघडलं आणि मला खुणेने विचारलं, "ही कुठल्या खाणीतून वर आली?"

एकशे दहा होती. बिश्केकहून, ताश्कंदहून बसने आलेली. त्यांचा म्होरक्या ग्लेब नावाचा दातांचा डॉक्टर आहे, पंचेचाळिशीचा. माझ्याशी बोलायचं म्हणून तो आठवडाभर खुणांची भाषा शिकून आला होता. ‘दुःख झालं’ म्हणायला गेला आणि हातांनी ‘लोणी वितळलं’ म्हणाला. चाळीस दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि मग तो बिचारा रडायला लागला.

आळीपाळीने बसून जेवली. सगळी मला झेंगे म्हणतात, म्हणजे बघ, एका दिवसात मी शंभर जणांची वहिनी झाले. भिंतीला टांगलेलं त्याचं बेस गिटार बघायला एकेक आत यायचा, समोर उभा राहायचा, हात मागे बांधून. कुणी हात लावला नाही. फक्त एक बाई फार वेळ उभी होती. तिचं नाव रायखान, तेमिरताऊला ट्राम चालवते. मी म्हटलं, घे हातात. ती म्हणाली, "नको झेंगे. माझ्या हाताला ट्रामच्या ब्रेकचा वास येतो." ओठांवरून मला नीट कळलं नाही, म्हणून तिने ते वहीत लिहून दिलं. ते पान माझ्याकडे आहे.

आता कामाचं. यांच्याकडे जे आहे ते सगळं कुणीतरी गर्दीत उभं राहून, कोटात लपवलेल्या टेपरेकॉर्डरवर घेतलेलं आहे. त्याच्या नकला, त्या नकलांच्या नकला. ग्लेब म्हणतो की त्यात गाणं, गिटार सगळं चिखल होऊन गेलेलं असतं, फक्त खालचा बेस तेवढा पोचतो. ही सगळी त्या चिखलावरून शिकली. चौदा सप्टेंबरला, कुआनिशच्या वाढदिवसाला, त्यांना खाणकामगारांच्या क्लबात कार्यक्रम करायचा आहे. आणि पंचाण्णव साली तुम्ही तीन दिवस खरोखरच्या स्टुडिओत बसून जी आठ गाणी घेतलीत, ती टेप तुझ्याकडे आहे.

‘तिकडे जाऊन कॅसेट काढतो’ म्हणून तू ती नेलीस. का काढली नाहीस हे मी विचारत नाही. पाठव एवढंच म्हणते.

एर्ना


कारागंदा, २ जून २०१९

रुडी,

‘वीस वर्षं ज्याने स्टेजवर पाऊल ठेवलं नाही त्याची एवढी पूजा कशाला,’ असं तू लिहितोस. निदान हाताने लिहिलंस.

मग मीही लिहिते. तुला माहीत असलेलंच, पण माझ्या बाजूने.

तुमच्या तालमीला मी यायचे ती तुझी बहीण म्हणून. कोपऱ्यात फरशीवर बसायचे, तळवे जमिनीला टेकून. तुझ्या गिटारातलं मला काही पोचायचं नाही, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू वाजवताना माझ्याकडे बघायचास आणि मी मान डोलवायचे. कुआनिशने ते ओळखलं. एक दिवस तो जवळ येऊन बसला आणि त्याने सरळ विचारलं, "तुला यातलं काय कळतं?" मी म्हटलं, तुझं थोडं. बाकी काही नाही. तो परत गेला आणि त्याने सगळ्यात जाड तार एक सूर खाली उतरवली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आणखी. असं करत करत ती तार इतकी सैल झाली की लाकडावर आपटायला लागली. तेव्हा ते माझ्या मनगटातून कोपरापर्यंत चढलं. मी चार वर्षांची असताना औषधाच्या सुया टोचून माझे कान गेले. त्यानंतर पहिल्यांदा बाहेरून काहीतरी आत आलं होतं.

मग मी शिवणशाळेतल्या मैत्रिणींना आणलं, बहिऱ्यांच्या वसतिगृहातली मुलं आली. पहिली रांग आमची असायची. स्पीकरला पोट लावून उभी राहायचो. आणि त्या सैल तारेचा आपटण्याचा जो आवाज होता, ज्याला तू ‘वाळत घातलेलं धुणं’ म्हणायचास, तोच लोकांनी उचलला. ग्लेब सांगतो की अल्माटीपासून ताश्कंदपर्यंत आज जो कुणी हे संगीत वाजवतो तो ती तार तशीच सैल करतो, आणि का करतो हे कुणालाच ठाऊक नाही. मी त्याला कारण सांगितलं. तो मग म्हणाला, "आम्हाला वाटायचं, त्याच्याकडे नवी तार नव्हती."

तू पाठ फिरवून त्याला म्हणालास, "आपण बहिऱ्यांसाठी वाजवतो का?" माझ्याकडे पाठ होती, पण समोर खिडकी होती आणि बाहेर अंधारलं होतं. काचेत तुझे ओठ दिसत होते. त्याने काय उत्तर दिलं ते दिसलं नाही. बाहेर पडल्यावर मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मी फक्त हो म्हटलं."

आणि स्टेशनवरचं. तुम्ही कायमचे देश सोडून निघाला होतात, आई-बाबा डब्यात चढले होते. मी लग्न करून इथेच राहणार हे त्यांना सांगून महिना झाला होता. मी तुला हातांनी म्हटलं, पत्र लिही. तू बघितलंस आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातलेस. लहानपणापासून माझ्याशी बोलणारे तेच दोन हात होते, रुडी. दुसरी बोलायची सोय नव्हती मला. गाडी हलेपर्यंत तू ते बाहेर काढले नाहीस.

लग्नानंतर तो स्टेजवर का गेला नाही, हे लोक मला विचारतात. त्याने दुसरे गिटारवाले बघितले. दोन-तीन महिने तालमी केल्या. मग एक दिवस म्हणाला, "मी खालच्या सुरात जातो तेव्हा वरच्या सुरात कोण आहे हे मला माहीत असायला लागतं. यांचं माहीत नाही." हे मी तुला कधी कळवलं नव्हतं. तुला बरं वाटेल म्हणून कळवलं नव्हतं.

तो घरी वाजवायचा, रोज, कामावरून आल्यावर. मी पलंगाच्या लाकडाला पाठ लावून शिवत बसायचे. अपा भिंतीपलीकडून काठी आपटायची आणि ओरडायची, ते तो मला सांगायचा, "आत काय उंटीण विते आहे?"

आता एक विचारायचं होतं. मी सगळ्यांना विचारलं, तो ऐकायला कसा होता? ग्लेब म्हणाला, खाणीत सुरुंग उडतो तेव्हा कपाटातले कप हलतात ना, त्याच्या आधीचा क्षण. रायखान म्हणाली, वळणावरची रिकामी ट्राम. हे सगळं मला कळतं, कारण ते मलाही हातापायांना कळतं. पण ऐकायला कसा? तू त्याच्या शेजारी सात वर्षं उभा होतास. माझ्यासाठी जग ऐकून सांगायचं काम लहानपणी तुझंच होतं. हे एवढं सांग.

एर्ना


कारागंदा, १८ ऑगस्ट २०१९

रुडी,

लेना आत्याचा जावई काल येऊन गेला. टेप मिळाली, तिच्यावरून तू करून दिलेली सीडीची तबकडीही. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. अपाने ती दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली.

मी जूनमध्ये फार लिहिलं. फाडून टाकणार होते, पण मग टाकलं पेटीत. तू त्याला उत्तर दिलं नाहीस, टेप पाठवलीस. तेच उत्तर मानते.

काल ती मांडीवर घेऊन बसले तेव्हा आपलं जुनं घर आठवलं. मला शाळेत बोलायला शिकवायचे आणि मला ‘र’ जमायचा नाही. तू सहा वर्षांचा. माझा हात तुझ्या गळ्यावर ठेवून ‘र र र’ करत बसायचास, घसा बसेपर्यंत. आईने तुला दूध-मध दिलं होतं. तुझं नाव मला नीट म्हणता यावं म्हणून तुझा तो खटाटोप होता. ते मी विसरलेले नाही.

ग्लेबने तबकडी अजून ऐकलेली नाही. पहिली काही सेकंद लावून आवाज येतो एवढं बघितलं आणि लगेच बंद केली. म्हणाला, "झेंगे, सगळ्यांनी एकदम ऐकायचं. मी आधी ऐकली तर चोरी होईल." तुझी पाठ दुखते, प्रवास जमणार नाही, असं जावई म्हणाला, ते मी त्यांना सांगितलं आहे. त्यांना तू यायला हवा होतास. मलाही, हे लिहिते.

कसा वाजायचा ते सांगितलं नाहीस. राहू दे. चौदा तारखेला तळहाताला कळेल.

तुझी एर्ना


कारागंदा, १६ सप्टेंबर २०१९

रुडी,

दुपारी एकला सुरू झालं. तीनशेच्या वर माणसं. आमच्या वसतिगृहातली जी जी अजून आहेत ती सगळी आली होती, नातवंडांना घेऊन. ग्लेबने स्पीकरपाशी पहिली रांग आम्हालाच ठेवली होती. स्टेजवर खुर्चीत कुआनिशचं बेस गिटार उभं करून ठेवलं होतं. दुसरं काही नाही.

मी दोन्ही तळवे स्पीकरवर ठेवले. ग्लेबने सुरू केलं. पहिलं गाणं तुझ्या एकट्या गिटारने सुरू होतं हे मला माहीत होतं, म्हणून मी वाट बघत होते. मग ढोल आला. हाताला ठोके लागले. सगळ्यांनी मुठी वर केल्या. आता येईल, म्हणून मी डोळे मिटले.

आलं नाही.

मला वाटलं, या बाजूचा स्पीकर बंद असेल. मी दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही फक्त ठोके. मागे वळून बघितलं तर मुठी खाली यायला लागल्या होत्या, एकेक. लोक एकमेकांकडे बघत होते. ग्लेब यंत्रापाशी बटणं फिरवत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. रायखान माझ्याजवळ आली. तिने वही काढली नाही. मला कळावं म्हणून सावकाश ओठ हलवले. "झेंगे, यात बेस नाही."

मी म्हटलं, माहीत आहे.

यंत्र बघणारा माणूस म्हणत होता की अशा टेपवर प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी असते. टेप खराब झाली तर सगळंच खराब होतं. एकच पट्टी इतकी स्वच्छ आपोआप जात नाही. ग्लेबने मला विचारलं, "झेंगे, हे काय झालं?" तीनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, माझ्या भावाच्या तळघरात पाणी शिरलं होतं. यंत्राच्या माणसाने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

मग रायखान स्टेजवर चढली. खुर्चीपुढे उभी राहिली आणि तिने हात पँटला पुसले, चार-पाच वेळा. मग त्याचं गिटार गळ्यात घातलं. ग्लेबला म्हणाली, पहिल्यापासून लाव.

मी हात काढले नव्हते. आणि मग ते आलं, रुडी. मनगटातून वर. आमच्या रांगेतली म्हातारी पोरं स्पीकरला पोट लावून उभी राहिली.

तीन गाणी तिने वाजवली. चौथं बिश्केकच्या माणसाने, पाचवं-सहावं ताश्कंदच्या. कुणालाच कागद लागला नाही. प्रत्येकाचा हात वेगळा. तो त्यांच्यात नव्हता. मी शोधत होते, खोटं कशाला सांगू, आणि तो नव्हता. रायखान जोरात वाजवते, बिश्केकचा घाई करतो.

पण पाचव्या गाण्यात एक जागा आहे, मधली. तिथे एक ठोका यायला हवा आणि ताश्कंदच्या माणसाने तो सोडला. मला वाटलं, चुकला. ती जागा परत आली आणि त्याने परत सोडला. मी रायखानकडे बघितलं, ती खाली उभी राहून हवेत बोटं चालवत होती. तिनेही तो सोडला. आजूबाजूला वीस-पंचवीस जण तसंच करत होते. सगळ्यांचं बोट एकाच वेळी थांबलं.

त्र्याण्णव सालचा हिवाळ्यातला कार्यक्रम आठवतो का? कुआनिशने आदल्या दिवशी वेल्डिंग करताना मधलं बोट भाजून घेतलं होतं. मीच त्याला पट्टी बांधली होती. त्या जागी ते बोट लागायचं आणि त्याला ते टेकवता येत नव्हतं, म्हणून तो ठोका तो गिळायचा. तोच कार्यक्रम कुणीतरी कोटात लपवून टेप केला. हे सगळे त्यावरून शिकले. त्यांना वाटतं, गाणं तसंच आहे.

मी तिथे रडले. घरी येऊन रडले नाही, आता लिहिताना रडते आहे. माझ्या नवऱ्याचं भाजलेलं बोट त्या माणसांच्या हातात आहे. आणि तुझ्या टेपवर तो नाही.

तळघरात पाणी शिरलं नव्हतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

एर्ना


कारागंदा, ३ नोव्हेंबर २०१९

रुडी,

तुझं पत्र अकरा पानांचं आहे. मी ते चार दिवसांत वाचलं, रोज थोडं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत, तिकडे स्थलांतरितांच्या वसतिगृहात असताना, एका रात्री ती बेसची पट्टी पुसलीस. आई रोज माझी वाट बघायची, जेवायला बसताना माझी थाळी मांडायची, आणि तुला वाटलं की ज्याने मला ठेवून घेतलं त्याला तू तेवढं तरी पुसू शकतोस. पुसल्यावर लगेच कळलं, पण परत आणता येईना. ओळखीच्या बेसवाल्याला बोलावून भरून काढायचा प्रयत्न केलास आणि दर वेळी अर्ध्यावर थांबवलंस. आता तोंडाने सांगायची छाती झाली नाही, म्हणून टेपच पाठवलीस. वाचल्यावर मी समजेन असं तुला वाटलं. समजले. पण मी एकटी नव्हते ना समजायला, तीनशे माणसं होती.

आता माझं ऐक. अठ्ठ्याण्णवमध्ये आई आजारी पडली तेव्हा मला व्हिसा मिळाला होता. मी तुला नाही म्हणून कळवलं. तो शिक्का मारलेला पासपोर्ट दोन महिने शिवणाच्या डब्यात होता. कुआनिश म्हणाला, "जा, मी थांबतो." मला भीती वाटली. आईने हात धरला असता तर मी परत आले नसते. म्हणून गेले नाही. आणि तिने शेवटपर्यंत थाळी मांडली, हे मला तुझ्या अकरा पानांतून आज कळलं. म्हणजे ज्याच्यावर राग काढलास त्याने मला ठेवून घेतलं नव्हतं. मीच राहिले होते. तू पुसायचं तर मला पुसायला हवं होतंस.

तू विचारतोस, क्षमा करशील का. माहीत नाही. मी रोज सकाळी उठून बघते, झाली आहे का. अजून नाही.

ग्लेबला मी खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्यांनी तुझ्या टेपवर सगळ्यांचा बेस चढवून गाणी पुन्हा घेतली आहेत. वाजवणाऱ्यांची नावं घाला म्हटलं तर रायखान म्हणाली, "कशाला? त्यांचंच आहे ते." बेसपुढे एकट्या कुआनिशचं नाव आहे, गिटारपुढे तुझं. ते मीच घालायला लावलं.

पत्राच्या शेवटी तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंस. तो ऐकायला कसा होता, ते. तो शेजारी वाजवत असला की स्वतःचं चुकलेलंही बरोबर वाटायचं, असं लिहिलंस. ती ओळ मी अपाला वाचून दाखवली, माझ्या त्या विचित्र आवाजात. ती म्हणाली, "पोरगा घरातही तसाच होता." मग विचारलं, "तुझा भाऊ वर्षाच्या जेवणाला येणार का?" मी म्हटलं, त्याला बोलवावं की नाही कळत नाही. ती म्हणाली, "त्या जेवणाला कुणाला बोलवत नाहीत. दिवस कळवायचा. यायचं तो येतो."

तर दिवस कळवते. सात मार्च, शनिवार, दुपारी बारा.

आलास तर आधी कबरीवर जा. बस क्रमांक लेना आत्याच्या जावयाला माहीत आहे. मी बरोबर येणार नाही. तिथे काय बोलायचं ते तुझं तू बोल, पण मोठ्याने बोल, तोंडाने. त्याला ऐकू येत होतं.

एर्ना